मुंबईतल्या छोट्या हॉटेलाने बाजाराचा कल कसा ओळखावा आणि खोलीचा दर कसा ठरवावा

मुंबईत हॉटेल चालवणाऱ्या माणसाच्या वाचनात वर्षातून एकदोनदा तरी असा अहवाल येतो की, शहरातील हॉटेलांचा धंदा तेजीत आहे, सरासरी दर चढले आहेत आणि खोल्या रिकाम्या राहत नाहीत. अहवाल खोटा नसतो. परंतु मरोळला २२ खोल्या चालवणाऱ्या किंवा दादर स्टेशनजवळ १४ खोल्यांचे लॉज सांभाळणाऱ्या मालकाला उद्या सकाळी कोणता दर लावायचा, हे त्यातून कळत नाही. अशा अहवालांतील आकडे मुख्यतः मोठ्या साखळी हॉटेलांकडून जमवलेले असतात आणि त्यांचा पाहुणा हा आपला पाहुणा असतोच असे नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वार्षिक आकडेवारीचेही तसेच आहे. त्यात माणसे मोजलेली नसून भेटी मोजलेल्या असतात, त्यामुळे एकच परदेशी प्रवासी महाराष्ट्र आणि राजस्थान फिरून गेला तर तो दोन्ही राज्यांच्या खात्यात धरला जातो.

मरोळमधील आमच्या घरच्या हॉटेलाचा हिशेब मी पंधरा वर्षे पाहतो आहे. शहराचा कल आधी स्वतःच्या रजिस्टरमध्ये शोधावा, मग शहराच्या दिनदर्शिकेत, आणि अहवाल सर्वांत शेवटी वाचावा, असे माझे ठाम मत या काळात बनले आहे. पुढील मजकूर पन्नासपेक्षा कमी खोल्या असलेल्या आणि दर स्वतःच ठरवणाऱ्या मालक-व्यवस्थापकांसाठी आहे.

रजिस्टर वाचायचे कसे

मागील चोवीस महिन्यांची नोंद समोर घ्यावी. ती संगणकात असो वा जाड बांधणीच्या वहीत, प्रत्येक तारखेसमोर किती खोल्या गेल्या, कर वगळून खोलीभाड्याचे किती पैसे आले, पाहुणा कोणत्या मार्गाने आला आणि येण्याच्या किती दिवस आधी त्याने खोली धरली, एवढे चार रकाने भरावेत. हे काम चारपाच दिवसांचे आहे आणि ते कारकुनावर न सोपवता मालकाने स्वतः करावे, कारण पाने उलटतानाच पुष्कळ गोष्टी ध्यानात येतात.

पाचवा रकाना बहुतेक हॉटेलांत नसतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे. पाहुणा कशासाठी आला, हा तो रकाना. आम्ही तो उशिरा सुरू केला. रिसेप्शनवरच्या मुलाला एवढेच सांगितले की, ओळखपत्राची प्रत काढता काढता ‘कशासाठी येणं केलंत?’ असे विचारायचे आणि उत्तर एका शब्दात लिहायचे: कंपनी, लग्न, दवाखाना, विमान, व्हिसा, परीक्षा, फिरणे. तोपर्यंत आमची समजूत अशी होती की, मंगळवार-बुधवारी भरणाऱ्या खोल्या सीप्झ (अंधेरीतील निर्यात उद्योगांचे संकुल) आणि एमआयडीसीतील कंपन्यांमुळे भरतात. तीन महिन्यांच्या नोंदी झाल्यावर दिसले की, त्यांतील कितीतरी पाहुणे सकाळच्या गाडीने सुरत, नाशिक किंवा कोल्हापूरहून येऊन मध्यरात्रीनंतरच्या विमानाने आखाती देशांत किंवा युरोपला जाणारे होते. ते दुपारी खोली घेत, आंघोळ करून झोपत आणि रात्री दहाच्या सुमारास सामान घेऊन निघून जात. म्हणजे त्यांना रात्र नकोच होती आणि आम्ही मात्र त्यांना रात्रीचा पूर्ण दर लावून, वर ती खोली सकाळपर्यंत रिकामी ठेवत होतो. तेव्हापासून सकाळी दहा ते रात्री दहा असा दिवसाचा वेगळा दर ठेवला. रात्री साडेदहाला हाउसकीपिंगचा एक माणूस जास्त लागतो, परंतु तीच खोली उशिरा उतरणाऱ्या पाहुण्याला पुन्हा देता येते. हा बदल कोणत्याही अहवालात वाचून सुचला नसता.

नोंदी तयार झाल्या की तीन आकडे काढावेत. एकूण खोल्यांपैकी किती गेल्या, हे ऑक्युपन्सीचे टक्के. गेलेल्या खोल्यांमागे सरासरी किती भाडे मिळाले, हा सरासरी दर. आणि एकूण भाड्याला हॉटेलातील सर्व खोल्यांनी, म्हणजे रिकाम्या राहिलेल्याही धरून, भागले की येणारा तिसरा आकडा, ज्याला धंद्यात रेव्हपार म्हणतात. आपल्याकडे मालक एकमेकांना भेटले की ‘किती खोल्या गेल्या?’ एवढेच विचारतात, आणि इथेच फसगत होते. उदाहरण म्हणून २० खोल्यांचे हॉटेल धरू. एका दिवशी २,४०० रुपयांनी १८ खोल्या गेल्या, तर भाडे ४३,२०० रुपये आणि रेव्हपार २,१६०. दुसऱ्या दिवशी ३,२०० रुपयांनी १४ खोल्या गेल्या, तर भाडे ४४,८०० आणि रेव्हपार २,२४०. प्रत्येक भरलेल्या खोलीमागे लाँड्री, नाश्ता, वीज, पाणी आणि साबण-शाम्पू मिळून ४५० रुपये खर्च धरला, तर पहिल्या दिवशी हातात ३५,१०० राहतात आणि दुसऱ्या दिवशी ३८,५००. हॉटेल गजबजलेले दिसले तो दिवस पहिला, आणि कमाईचा दिवस दुसरा.

मुंबई ही एकच बाजारपेठ नाही

कुलाबा-फोर्टचा पाहुणा शहर पाहायला येतो. ताजमहाल पॅलेस १९०३ साली उघडले तेव्हापासून हा भाग प्रवाशांचा आहे. २००४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला आणि २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा मिळाल्यानंतर पायी फिरून शहर पाहणाऱ्यांची भर पडली आहे. अशा पाहुण्याला घारापुरी सोमवारी बंद असते हे आधी सांगणारे हॉटेल आवडते, आणि तो तसे अभिप्रायात लिहितो. पावसाळ्यात याच भागात आखाती देशांतील कुटुंबे पाऊस पाहायला येऊन आठवडा-आठवडा राहतात, त्यामुळे इतरत्र मंदी असताना येथील तीन-चार खाटांच्या खोल्यांना मागणी असते. परदेशी पाहुणा उतरल्यापासून २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करणे बंधनकारक आहे, ज्याला आपण सी-फॉर्म म्हणतो. ती नोंद पोलिसी कटकट म्हणून बाजूला टाकू नये. कोणत्या देशाचा पाहुणा कोणत्या महिन्यात येतो, याची फुकटात तयार झालेली यादी आपल्याकडे त्यामुळेच असते.

वांद्रे-कुर्ला संकुलाचा, म्हणजे बीकेसीचा, हिशेब वेगळा आहे. २०२२ मध्ये जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर आणि मार्च २०२३ मध्ये त्याच आवारातील सांस्कृतिक केंद्र सुरू झाल्यापासून मोठ्या परिषदा आणि प्रदर्शने तेथे होऊ लागली आहेत. संकुलातील मोजकी पंचतारांकित हॉटेले भरली की मागणी सांताक्रूझ, कुर्ला, सहार आणि मरोळपर्यंत पसरते. गोरेगावला नेस्कोच्या आवारातील प्रदर्शनांमुळे पश्चिम द्रुतगती मार्गालगतची हॉटेले अशीच भरतात. ज्याचे हॉटेल या दोन्हींच्या मध्ये आहे, त्याने दोन्ही ठिकाणांचे वेळापत्रक ठेवावे.

परळबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण त्या भागातील मागणीला पर्यटन म्हणता येत नाही आणि तरीही शहरातील सर्वांत स्थिर मागणी तीच आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचारांसाठी देशभरातून कुटुंबे येतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या संस्था मोठा भार उचलतात, तरीही पुष्कळांना लॉजमध्येच राहावे लागते. त्यांचा मुक्काम तीन रात्रींचा नसून तीन आठवड्यांचा, कधी तीन महिन्यांचा असतो, आणि पुढची तारीख डॉक्टरांच्या हातात असल्यामुळे ते आधी बुकिंग करू शकत नाहीत. त्यांना टीव्ही मोठा नसला तरी चालतो, पण पेज करायला शेगडी, कपडे वाळत घालायला जागा, लिफ्ट, पाश्चात्त्य पद्धतीचे शौचालय आणि आंघोळीसाठी दिवसभर गरम पाणी लागते. या भागात लॉज असेल तर दहापैकी तीन-चार खोल्या आठवड्याच्या व महिन्याच्या ठरलेल्या दराने याच कुटुंबांसाठी ठेवाव्यात आणि एखाद्या परिषदेमुळे शहरात दर चढले म्हणून त्या खोल्यांचा दर मुक्कामाच्या मध्येच बदलू नये. व्यवहार म्हणूनही हे तोट्याचे नाही: ऑनलाइन बुकिंग पोर्टलचे कमिशन नाही, चादरी रोज बदलाव्या लागत नाहीत, आणि खोली महिनोन्‌महिने रिकामी राहत नाही.

जुहू आणि पवईबद्दल मी फार लिहीत नाही; तेथे लग्ने, चित्रीकरणे आणि कंपन्यांची दीर्घ मुदतीची कंत्राटे यांवरच बरेचसे गणित चालते.

दिनदर्शिका

प्रत्येक हॉटेलाच्या कार्यालयात दाते पंचांगाच्या दिनदर्शिकेशेजारी आणखी एक कॅलेंडर असावे, आणि त्यात तीन रंगांनी नोंदी कराव्यात.

पहिल्या रंगाने ठरलेल्या गोष्टी. जानेवारीतील तिसऱ्या रविवारची मुंबई मॅरेथॉन, जानेवारीअखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला होणारा काळा घोडा महोत्सव, नाताळपासून नववर्षापर्यंतचा आठवडा, लग्नाचे मुहूर्त. गणेशोत्सवाची तारीख दरवर्षी सरकते, पण ती पंचांगात वर्षभर आधी मिळते. त्या दहा दिवसांत व्यवसायासाठी येणारा पाहुणा कमी होतो आणि गिरगाव, लालबाग, परळ येथे दर्शनासाठी येणारा वाढतो. अनंत चतुर्दशीच्या रात्री चौपाटीच्या वाटेवरील हॉटेलांत गाडी पोहोचणारच नाही, हे बुकिंग घेतानाच सांगावे लागते.

दुसऱ्या रंगाने, दरवर्षी होणाऱ्या परंतु जागा किंवा महिना बदलणाऱ्या गोष्टी. यात मालक सर्वाधिक फसतात, कारण ते मागील वर्षाच्या आठवणीवर चालतात. ग्लोबल फिनटेक फेस्ट बीकेसीत २०२३ मध्ये सप्टेंबरच्या सुरुवातीला झाला, २०२४ मध्ये ऑगस्टच्या अखेरीस आणि २०२५ मध्ये ऑक्टोबरच्या ७ ते ९ तारखांना. ज्याने ‘गेल्या ऑगस्टअखेरीस हॉटेल भरले होते’ एवढीच नोंद ठेवली, त्याने पुढच्या ऑगस्टला दर चढवून खोल्या रिकाम्या ठेवल्या आणि ऑक्टोबरमध्ये त्याच खोल्या स्वस्तात दिल्या. म्हणून रजिस्टरमध्ये चांगल्या दिवसासमोर तो चांगला का गेला, हे लिहून ठेवावे. दागिने उद्योगाचे आयआयजेएस प्रदर्शन जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंतच्या काळात बीकेसी आणि गोरेगाव अशा दोन ठिकाणी भरते. ऐन पावसाळ्यातील तो आठवडा अंधेरी परिसरातील हॉटेलांना आधार देऊन जातो.

तिसऱ्या रंगाने एकदाच घडणाऱ्या गोष्टी. कोल्डप्लेचे १८, १९ आणि २१ जानेवारी २०२५ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कार्यक्रम झाले. तिकिटे सप्टेंबर २०२४ मध्ये विक्रीला आली आणि लगेच नेरूळ-वाशी परिसरात त्या तारखांचे दर अनेक पटींनी चढले. चार महिने आधी. अशा वेळी ज्याचे दर आपोआप बदलत नाहीत, त्याच्या सगळ्या खोल्या पहिल्या तासातच जुन्या दराने निघून जातात. आणि ज्याने विनाशुल्क रद्द करण्याची सवलत चालू ठेवलेली असते, त्याच्या खोल्या तिकीट न मिळालेले लोक शेवटच्या आठवड्यात सोडून देतात. उपाय साधा आहे. अशा तारखांना अर्धी रक्कम आगाऊ घ्यावी, रद्द करण्याची मुदत किमान एक महिना आधी संपवावी आणि चारपाच खोल्या शेवटच्या पंधरवड्यासाठी राखून ठेवाव्यात.

नेहमीच चार महिने मिळतात असे नाही. २०२५ च्या महिला क्रिकेट विश्वचषकाचे बंगळूरूचे सामने ऑगस्टच्या उत्तरार्धात नवी मुंबईला हलवले गेले, आणि २ नोव्हेंबरचा अंतिम सामनाही त्याच मैदानावर झाला. बातमी आल्यापासून सामन्यांपर्यंत जेमतेम दोन महिने. रोज सकाळी पंधरा मिनिटे वर्तमानपत्राचे क्रीडा आणि शहर ही पाने याच नजरेने वाचण्याची सवय व्यवस्थापकाने लावून घ्यावी.

दर ठरवताना

आधी तळाचा दर ठरवावा, म्हणजे ज्याच्या खाली खोली रिकामी ठेवणे बरे. पगार आणि जागेचे भाडे खोली गेली काय, न गेली काय, द्यावेच लागते. तळाचा दर त्यावरून निघत नाही. तो खोली भरल्यामुळेच होणाऱ्या खर्चावरून निघतो, आणि त्यात खोलीची झीज धरावी. वीज आणि पाण्याचा खर्च यात मोठा असतो. राज्य सरकारने आतिथ्य क्षेत्राला उद्योगाचा दर्जा देऊन १ एप्रिल २०२१ पासून नोंदणीकृत पात्र हॉटेलांना औद्योगिक दराने वीज, पाणी इत्यादी सवलती लागू केल्या आहेत. ज्यांनी अजून पर्यटन संचालनालयाकडे अर्ज केलेला नाही, त्यांनी दरांचा विचार करण्याआधी ते काम करावे.

२२ सप्टेंबर २०२५ नंतर ज्यांनी तळाचा दर पुन्हा काढलेला नाही, त्यांचा आकडा आज चुकीचा आहे. त्या दिवसापासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. पाहुण्याच्या दृष्टीने हे स्वस्त झाले. पण या ५ टक्क्यांत हॉटेलाला खरेदीवरील कराचे क्रेडिट मिळत नाही. धुलाईच्या बिलावर, नव्या गाद्यांवर, एसीच्या दुरुस्तीवर आणि पोर्टलच्या कमिशनवर आपण जो कर भरतो, तो पूर्वी वळता होत असे; आता तो सरळ खर्चात जातो. गेल्या वर्षीची बिले काढून हा कर किती होता ते मोजावे आणि वर्षभरात गेलेल्या खोल्यांनी भागावे. जो आकडा येईल तो तळाच्या दरात मिळवावा.

७,५०० च्या रेषेजवळ दर असणाऱ्यांनी आणखी सावध राहावे. ७,५०० च्या खोलीवर ५ टक्क्यांनी कर ३७५ रुपये होतो आणि पाहुणा ७,८७५ देतो. दर ७,६०० केला की कर १८ टक्क्यांनी १,३६८ होतो आणि पाहुण्याला ८,९६८ द्यावे लागतात. आपल्या हाती शंभर जास्त, पाहुण्याच्या खिशातून १,०९३ जास्त. जास्तीच्या खाटेचे पैसेही याच किमतीत धरले जातात, म्हणून ७,००० ची खोली आणि ८०० ची खाट मिळून रेषा ओलांडली जाते. नाताळच्या आठवड्यात दर आपोआप चढवणारे सॉफ्टवेअर ही रेषा ओळखत नाही. त्याला ७,५०० वर अडवावे किंवा मागणी खरोखरच तितकी असेल तर थेट ९,००० च्या पुढे न्यावे.

बाहेरगावच्या कंपन्यांशी दर ठरवतानाही कराचा एक बारकावा उपयोगी पडतो. हॉटेल जेथे आहे त्या राज्याचा कर लागतो, त्यामुळे केवळ गुजरातेत नोंदणी असलेल्या कंपनीला मुंबईच्या मुक्कामावरील कराचे क्रेडिट मिळत नाही. तिच्या दृष्टीने कर हा निव्वळ खर्च असतो. अशा कंपनीशी बोलताना करासहित एकूण रक्कम सांगावी, कारण तिचा हिशेबनीस तुलना त्याच रकमेची करतो.

तळ ठरला की रोजचा दर मागणीच्या वेगावरून बदलावा. येथे चौथा रकाना कामी येतो. रजिस्टरवरून कळते की, साधारण बुधवारसाठी सात दिवस आधी किती खोल्या गेलेल्या असतात. समजा पाच जातात. एखाद्या बुधवारसाठी सात दिवस आधीच अकरा गेल्या असतील, तर शहरात काहीतरी घडते आहे आणि आपल्याला ते माहीत नाही. त्या क्षणी दर चढवावा आणि कारण शोधावे. उलट दोनच गेल्या असतील, तर घाईने दर पाडण्याआधी पोर्टलवर आपल्या खोल्या नीट दिसत आहेत ना, हे तपासावे. अर्ध्या वेळा चूक तेथेच सापडते.

दराला तळ असतो तशी वरची मर्यादाही मालकाने स्वतः ठरवावी, आणि ती यंत्रावर सोपवू नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आमच्या लॉबीतील सोफ्यांवर, जिन्यात आणि जेवणघरात माणसे झोपली होती. अलीकडे एका जुलैत तशीच, पण लहान रात्र आली. लोकल बंद पडल्या, मरोळ नाक्यावर गुडघाभर पाणी, आणि साडेनऊच्या सुमारास एक बाई वृद्ध सासूला धरून आत आली. म्हाताऱ्या बाईंच्या चपला हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत होत्या. आमच्याकडे नऊ खोल्या शिल्लक होत्या आणि शोध वाढल्याबरोबर सॉफ्टवेअरने तासाभरात दर जवळजवळ दुप्पट केला होता. रिसेप्शनवरचा मुलगा पडद्यावरचा आकडा वाचून दाखवू लागला, तेव्हा वडिलांनी त्याला थांबवून नेहमीचा दर लावायला सांगितले आणि मी आत जाऊन प्रणाली बंद केली. त्यानंतर आमच्या प्रणालीत जून ते सप्टेंबर या महिन्यांसाठी वरची मर्यादा घातलेली आहे, आणि रेड अलर्टच्या दिवशी दर हाताने कुलूपबंद करण्याचे काम रात्रपाळीच्या माणसाच्या यादीत लिहिलेले आहे. संकटात सापडलेला माणूस हा बाजारातील मागणीचा भाग नाही, असे मी मानतो.

पोर्टल आणि थेट पाहुणा

पोर्टलांचे कमिशन साधारण १५ ते २५ टक्के असते. ३,००० रुपयांच्या खोलीवर २० टक्के धरले तर ६०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १०८ रुपये, आणि वर सांगितल्याप्रमाणे तो आता परत मिळत नाही. हाती २,२९२ राहतात. तोच पाहुणा दुसऱ्या खेपेला थेट फोन करून आला आणि त्याला दहा टक्के सवलत दिली, तरी २,७०० मिळतात. म्हणून पोर्टलवरून पहिल्यांदा आलेल्या प्रत्येक पाहुण्याला निघताना हॉटेलाचा क्रमांक असलेले छोटे कार्ड द्यावे आणि पुढच्या वेळचा थेट दर त्यावर हाताने लिहून द्यावा. छापील कार्डापेक्षा हाताने लिहिलेला आकडा लोक जपून ठेवतात, हा आमचा अनुभव आहे.

करार मात्र नीट वाचावा. मेकमायट्रिप-गोआयबिबोविषयीच्या ऑक्टोबर २०२२ च्या आदेशात भारतीय स्पर्धा आयोगाने, इतर पोर्टलांवर कमी दर देण्यास हॉटेलांना मनाई करणाऱ्या अटी करारांतून काढण्यास सांगितले होते. तो आदेश इतर पोर्टलांपुरता होता. स्वतःच्या संकेतस्थळावर जाहीर करायच्या दराबाबत आपल्या करारात काय आहे, हे वेगळे पाहावे लागते.

बदलता नकाशा

येत्या काही वर्षांत मुंबईच्या हॉटेल धंद्याचा कल सर्वांत जास्त बदलणार आहे तो वाहतुकीमुळे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. भुयारी मेट्रो ३ ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी, मे २०२५ मध्ये वरळीपर्यंत आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत अशी टप्प्याटप्प्याने पूर्ण झाली. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने उडू लागली.

पनवेल, उलवे, खारघर येथे हॉटेल उभारण्याचा विचार करणाऱ्यांना माझे सांगणे आहे की, जमिनीच्या दलालाचे ऐकण्याआधी भारतीय विमानतळ प्राधिकरणाची दरमहा प्रसिद्ध होणारी प्रवासी आकडेवारी पाहावी. ती विनामूल्य आहे आणि विमानतळनिहाय मिळते. सलग बारा महिन्यांचे आकडे हाती असल्याशिवाय कर्ज काढू नये. विमानांच्या वेळाही पाहाव्यात, कारण हॉटेलाला पाहुणा मिळतो तो प्रामुख्याने पहाटेच्या आणि मध्यरात्रीच्या विमानांमुळे. दुपारी दोनला उतरणारा माणूस सरळ घरी जातो.

सहार-मरोळच्या हॉटेलांनी घाबरून दर पाडण्याचे कारण मला दिसत नाही. मरोळ नाक्याला मेट्रो १ आणि ३ मिळतात आणि तेथून बीकेसी, दादर, सीएसएमटी, चर्चगेट एकाच गाडीने गाठता येते. पूर्वी फोर्टमध्ये काम असलेला पाहुणा रस्त्यावरच्या कोंडीला भिऊन आमच्याकडे राहायला तयार नसे. आता आम्ही बुकिंगच्या निरोपातच स्टेशनचे नाव, हॉटेलपासून चालत लागणारी मिनिटे आणि पहिल्या-शेवटच्या गाडीची वेळ लिहितो, आणि फोटोंमध्ये लॉबीच्या आधी स्टेशनच्या दाराचा फोटो ठेवला आहे. रजिस्टरमध्ये सहावा रकानाही वाढवला आहे: पाहुणा दिवसा कोठे जाणार आहे. सुरुवातीच्या पानांवर अंधेरी, सीप्झ आणि विमानतळ यांच्या मधूनमधून हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन अशी नावे दिसू लागली आहेत. त्यांची संख्या पुढच्या जूनपर्यंत कुठे जाते, यावर आमचा पावसाळ्यानंतरचा दर ठरेल.